धूर न निघालेली गाडी

नासिर,

तुझ्या रस्त्याला परवा भोकं पाडली. धाडच्या अलीकडे, पुंजाजीच्या वावरासमोर, आपण दोघं भर रस्त्यात भांडलो होतो त्याच जागी. मशीनचं गोल पातं डांबरात उतरत होतं, वरून पाण्याची बारीक धार सोडलेली होती, आणि मी दोनदा मागे वळून पाहिलं. दुसऱ्यांदा वळलो तेव्हा मशीनवाल्यानं विचारलं, "कोनी याचं हाये काय साहेब?"

मी नाही म्हणालो.

तू यायचा होतास. भोकं पाडायची ती तुझ्यासमोर, हे आपलं पक्कं ठरलेलं होतं. मशीन मंगळवारी येणार हे सांगायलाच मी तुला सकाळी फोन लावला, तर तो डांबराच्या प्लांटवरच्या वजनकाट्याच्या माणसानं उचलला. तो रडत रडत म्हणाला, चहा घेता घेता साहेब बाकावर आडवे झाले, दवाखान्यात नेलं, डॉक्टर म्हणाले आधीच संपलं होतं. मी सगळं ऐकून घेतलं. आणि त्याला म्हणालो, "बरं. मग मशीन मंगळवारचीच सांगतो." फोन ठेवला, मशीनवाल्याला फोन केला, वेळ ठरवली, जनरेटरचं विचारलं. मग चपला घालायला म्हणून वाकलो आणि तसाच खाली बसलो. सुमननं विचारलं काय झालं. माझ्या तोंडून निघालं, "नासिर मंगळवारी येत नाही."

तुझं वय, माझं वय, एकच. पॉलिटेक्निकला आपण एका बाकावर बसलो. तू ठेकेदाराकडे गेलास, मी बांधकाम खात्यात आलो. त्यानंतरची सगळी वर्षं तू रस्ते घालत आलास आणि मी ते पास-नापास करत आलो. लोकांना वाटायचं, या दोघांचं साटंलोटं असणार. त्यांनी आपल्याला एकदा जरी भांडताना ऐकलं असतं तर ही शंका कायमची गेली असती.

शेवटचं भांडण आपलं अर्धं राहिलं. म्हणून हे लिहितो आहे. तुझ्याबद्दल चार चांगले शब्द लिहून द्या, असं तुझ्या ठेकेदारानं मला सांगितलं होतं, फोटोखाली छापायला. मला ते जमलं नाही. चार शब्द लिहिले की वाटायचं, तू वाचशील आणि म्हणशील, "हे काय लेका, टेंडर नोटीस हाये काय?"

आपलं भांडण धुरावरून होतं. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर तो हसेल.

नेहमीच्या पद्धतीत खडी आणि डांबर दीडशे-एकशे साठ डिग्रीपर्यंत तापवतात. तू गेल्या हिवाळ्यात ते तीसेक डिग्री कमी तापमानावर करायचं म्हणून हटून बसलास. डांबरात एक रसायन थोडंसं घालायचं, मग तेवढ्या कमी तापमानातही डांबर खडीला धरतं. मजूर त्याला 'औषध' म्हणायचे. बर्नरला तेल कमी लागतं, चिमणीतून धूर कमी निघतो, डांबर भाजून निघत नाही म्हणून रस्ता लवकर तडकत नाही, आणि गाडी लांबून आली तरी माल दबतो, असं तू मला टेबलावर बोट आपटून सांगितलंस. मी म्हणालो, सगळं खरं असेल, पण खडीतला ओलावा कुठं जाणार? कमी आचेवर खडी आतून वाळली नाही तर पाणी डांबराच्या आत कोंडलं जाईल, आणि पहिल्याच पावसाळ्यात डांबर खडीला सोडून देईल. तू म्हणालास, खडी झाकून ठेवतो. मी म्हणालो, ठेकेदार खडी झाकतो हे मी आजवर पाहिलेलं नाही. त्यावर तू मला दिलेली शिवी इथं लिहीत नाही.

खात्यानं प्रयोगापुरता एक तुकडा मंजूर केला. पावसाळा गेला की त्याला भोकं पाडून गाभे, म्हणजे आतले गोल तुकडे, काढून तपासायचे, आणि उरलेला सगळा रस्ता तुझ्या पद्धतीनं करायचा की जुन्या, हे त्यावरून ठरवायचं. अभिप्राय माझा. तुझा ठेकेदार एवढ्या भानगडीला आधीच कंटाळला होता. नकार गेला असता तर त्यानं औषधाचे डबे दुसऱ्या दिवशी परत पाठवले असते आणि पुन्हा कधी नाव काढलं नसतं. तू मला बजावलं होतंस, "परकाश, हे एकडाव पडलं ना, त मंग आपल्या जिल्ह्यात दहा वर्स कोनी हात लावनार नाही."

पहिल्या दिवशीच काम अडलं.

आपल्याकडे रस्ता पाहायची लोकांची एक रीत आहे. गाडीची ताडपत्री निघाली की ते धूर पाहतात. धूर दिसला म्हणजे माल गरम, आणि माल गरम म्हणजे ठेकेदार खरा. या रीतीला कारण आहे. लांबून आणलेला गार माल त्यांच्या गावात पडलेला आहे, आणि महिन्याभरात तो चपलेच्या टाचेनं उकरून निघालेला त्यांनी पाहिला आहे. त्या दिवशी पहिल्या गाडीची ताडपत्री निघाली आणि आत काळाभोर माल नुसता बसून होता. धुराची एक रेघही निघेना. पुंजाजी त्याच्या वावरातून कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटायचं काम सोडून रस्त्यावर आला आणि माल पसरणाऱ्या पेव्हरसमोर उभा राहिला. त्याच्या मागे बघता बघता अर्धं गाव उभं राहिलं.

"धूर काऊन नाही?" त्यानं विचारलं.

तू त्याला सांगू लागलास. नवीन पद्धत आहे, कमी आचेवर होतं, तेल वाचतं, धूर होत नाही. तू जसजसं समजावत होतास तसतसा त्याचा चेहरा घट्ट होत गेला, हे मला बाजूला उभं राहून दिसत होतं. तुझं बोलणं झाल्यावर त्यानं खिशातून कापसाचं एक बोंड काढलं. तो काय ते बरोबर घेऊनच फिरत होता की येताना तोडून आणलं होतं, कोण जाणे. त्यानं ते तुझ्या हातावर फोडलं. आत सडका कापूस आणि गुलाबी अळी.

"बीटी आलं तवाही गावात अशीच गाडी आलती," तो म्हणाला. "भोंगा लावून. म्हने अळी लागनार नाही, फवारा लागनार नाही, कमी खर्चात जास्त. हे पाहा अळी. आता तू सांगून राह्यला, कमी आचेत पक्का रस्ता. आमाले कमी-बिमी काही नोको, बाबू. आमाले धूर दाखव."

मी तुला ओळखतो म्हणून सांगतो, तू त्या वेळी गप्प बसणार नाहीस याची मला भीती होती. तू त्या अळीकडे पाहत राहिलास. ती तुझ्या तळहातावर वळवळत होती. मग तू म्हणालास, "धूर पाह्यजेन त बिडी पेटवा ना बाप्पा, हाये माह्याजवळ काडी." लोक हसले. पुंजाजीही हसला. पण पेव्हरसमोरून हलला नाही.

तेवढ्यात प्लांटवर फोन गेला होता, कुणाचा ते शेवटपर्यंत कळलं नाही. तिथल्या बर्नरवाल्यानं ऐकलं, की धूर नाही म्हणून गावानं काम अडवलं. त्यानं आपल्या मनानं आच वाढवली. लोकांना धूर पाहिजे, तर घ्या धूर. दुसरी गाडी आली ती अशी, की ताडपत्री काढताना पोरं खोकली आणि निळसर धूर थेट पुंजाजीच्या वावरावर पसरला. गावाला आनंद झाला. पुंजाजी म्हणाला, "हाव, हा पाहा माल," आणि बाजूला झाला.

मग आपलं भांडण झालं. आजही आठवलं की मला त्याचं हसू येतं, आणि या आठवड्यात पहिल्यांदाच त्यासोबत दुसरंही काही येतं. तू गाडीवर चढलास, मालात थर्मामीटर खुपसलास, एकशे अठ्ठावन्न, आणि म्हणालास ही गाडी परत. मी म्हणालो ही गाडी नियमात बसते, पहिली परत. पहिलीचा माल तोपर्यंत एकशे बारावर उतरला होता. म्हणजे ठेकेदाराचा माणूस गरम माल परत पाठवायला निघालेला आणि खात्याचा माणूस त्याला अडवतो आहे. रोलरवाला रोलरवरून उतरून ऐकायला आला. गाव माझ्या बाजूनं. बर्नरवाला फोनवरून माझ्या बाजूनं. तुझ्या बाजूनं कोणीच नव्हतं.

"अरे, हा माल जळेल हाये," तू ओरडलास. "औषध टाकून वरतून जाळ लावला त्यानं. हे म्हंजे रोज्याच्या दिवशी जेवून घ्याचं अन् उपाशी राह्यलो म्हनाचं."

शेवटी तोड निघाली ती तुझीच. दोन्ही गाड्या घालायच्या, एकीला लागून दुसरी, आणि कडेच्या दगडांवर चुन्यानं खूण करून ठेवायची. पावसाळा गेला की दोन्हीकडे भोकं पाडायची. मी माझा आक्षेप लिहून घेतला, तू त्याखाली सही केलीस. पहिला माल थंड म्हणून दाबला जाणार नाही असं मी म्हणत होतो. तो पेव्हरमधून पडला, रोलर फिरला, आणि चाकाखाली तो शिऱ्यासारखा बसत गेला. मी पाहिलं. तू माझ्याकडे न वळता रोलरकडेच पाहत होतास, डोळ्याच्या कडेनं मात्र मला.

दुसऱ्या दिवसापासून तू स्वतः बर्नरपाशी बसलास आणि उरलेला तुकडा बिनधुराचा झाला. पुंजाजी रोज यायचा, रोज म्हणायचा, धूर नाही. पण त्यानं पुन्हा काम अडवलं नाही. मी तुला कारण विचारलं तर म्हणालास, "त्याचं काही चुकलं नाही बे. मी त्याच्या जागी असतो त पेव्हरखाली झोपलो असतो."

काम संपलं त्या दिवशी धाडच्या बाजारात आपण भजी खाल्ली. तू एकदम म्हणालास, "एक रीडिंग तुह्याजवळ नाही."

"कोणतं?"

"भोकं पाडशीन त्या दिवशी सांगतो."

"आत्ता सांग."

"आत्ता सांगतलं त तू त्याले रकाना मांगशीन." आणि तू माझ्या पुड्यातलं शेवटचं भजं उचललंस.

मी दहा महिने अंदाज करत राहिलो. तेलाचा हिशेब असेल, रोलरच्या फेऱ्या असतील, चिमणीचं काहीतरी मोजलं असेल. दोन-तीनदा तुला विचारलंही. तू दर वेळी विषय बदललास.

या दहा महिन्यांत तू एकदा घरी आलास. ती संध्याकाळ आता मला पुन्हा पुन्हा आठवते. तू घरी आलास की ठरलेलं असायचं: बाहेर नळावर पाय धुवायचे आणि खिडकीजवळच्या लाकडी खुर्चीवर बसायचं. त्या खुर्चीवर सुमन एक जुनी चादर टाकून ठेवायची. तुझ्या कपड्यांना डांबराचा वास असायचा आणि तो गादीत शिरला की आठवडाभर जात नसे. तिनं तुला कधी सांगितलं नाही, तू कधी विचारलं नाहीस, तू आपणहून त्याच खुर्चीकडे जायचास. वीस वर्षं. त्या संध्याकाळी तू आलास, पाय धुतलेस, आणि सरळ दिवाणावर माझ्या शेजारी येऊन बसलास. सुमनला म्हणालास, "वहिनी, आज चादर नोको." ती एकदम लाजली. मला वाटलं तू तिची थट्टा केलीस. चहा घेतला, माझ्या मुलीला तिच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाबद्दल चार कामाच्या गोष्टी सांगितल्यास, ज्या मला ठाऊक नव्हत्या, आणि उठलास. मी तुझ्याशी सगळा वेळ खडीच्या ओलाव्यावर बोलत होतो.

तुझ्या अब्बांबद्दल तू मला फार कमी सांगितलंस. एवढंच माहीत आहे, की ते पिंपात डांबर उकळायचे, खाली पऱ्हाट्यांचा जाळ घालून. तेव्हा प्लांट नव्हते, रस्त्याच्या कडेलाच चूल असायची. धूर पिवळा झाला की डांबर जळलं, असं ते सांगायचे. शेवटी शेवटी त्यांना चार पावलं चालली की धाप लागून बसावं लागायचं. तू हे सांगून लगेच म्हणाला होतास, आता हे अभिप्रायात लिहू नको. मी लिहिणार नव्हतोच. मी तेव्हा म्हणालो होतो, एका माणसाच्या छातीवरून निष्कर्ष निघत नाही. तू म्हणालास, "बरोबर हाये. तू पावसाळे मोज. मी माणसं मोजतो."

तुझ्या मातीला मी तुझ्या गावी, डोणगावला आलो. बसमध्ये जागा मिळाली, तिकीट काढलं, सुटे परत घेतले. सगळं नीट केलं. तुझ्या दारात माणसं बसलेली, ओट्यावर तुझे साइटचे बूट तसेच, टाचेला डांबराचा काळा थर. शबानाभाभी आतल्या खोलीत होत्या. त्यांनी बाहेर निरोप पाठवला, प्रकाशभाऊंना पाणी द्या, ते लांबून आले. मला त्या क्षणी तुझा राग आला. माणसं अशा वेळी रडतात, मला राग आला. चहा घेता घेता कोणी जातं का? चहा तरी संपवायचास.

कबरस्तानात सगळ्यांनी तीन-तीन मुठी माती दिली, मीही दिली. पहिली मूठ घेतली आणि माझा हात आपोआप मिटला, आपण भरावाची माती तपासायला मिटतो तसा. मिटल्यावर गोळा झाला. उघडली तरी फुटला नाही. म्हणजे ओलावा बरोबर. मी तुझ्या कबरीपाशी उभा राहून हे पाहत होतो, नासिर. माझ्या शेजारच्यानं हळूच माझ्या कोपराला हात लावला तेव्हा मी मूठ सोडली.

मागच्या महिन्यात तू फोनवर मला म्हणाला होतास, "तुह्या सरणालेही थर्मामीटर लावा लागन, किती डिग्रीवर पेटला म्हनून. नाही त तू उठून बसशीन." मी म्हणालो होतो, ते रीडिंग तू घे, माझा दुसऱ्या कोणावर विश्वास नाही. आपण दोघंही किती हसलो. तू पुढं जाशील असं त्या विनोदात कुठंही नव्हतं. आणि तुझ्या वाट्याला आच आलीही नाही. गार काळी माती आली, तुझ्या आवडीची.

आज गाभ्यांचे निकाल हातात आले. ते तुला सांगायचे आहेत, कारण तुझ्याशिवाय ते पूर्ण समजून घेणारा माणूस या जिल्ह्यात मला माहीत नाही.

पहिली गाडी, तुझी, बिनधुराची, जी मी परत पाठवत होतो, तिचा माल धुराच्या गाडीइतकाच दबलेला आहे. एका गाभ्यात तर थोडा सरसच. मी वजनं दोनदा घ्यायला लावली. माझा लेखी आक्षेप चुकीचा ठरला आणि तुझी सही त्याखाली आहे. धुराच्या गाडीतलं डांबर मी नखानं दाबून पाहिलं, ते कोरडं आणि कडक झालं आहे, तुझ्यातलं अजून मऊ आहे. म्हणजे जळेल हाये म्हणालास तेही खरं.

आता दुसरं ऐक. तुझा गाभा मी फोडला. खालच्या अंगाच्या काही खड्यांवरचं डांबर सुटलेलं आहे. खडी उघडी, स्वच्छ, धुतल्यासारखी. धुराच्या गाभ्यात तसं जवळजवळ नाही. पहिल्या दिवशी खडी झाकलेली नव्हती, नासिर. आदल्या रात्रीच्या दवानं ओली झाली होती, आणि तू म्हणाला होतास वाळेल. नंतरच्या दिवसांच्या गाभ्यांत, तू ताडपत्र्या टाकायला लावल्यास तेव्हापासून, असं दिसत नाही. एका पावसाळ्यावरून मी याहून जास्त बोलणार नाही. तुला ठाऊक आहे, मी बोलणार नाही.

हे वाचून तू आत्ता काय म्हणाला असतास? मी चार तास टेबलाशी बसून तुझं उत्तर शोधतो आहे. तू खडीच्या ढिगाचा विषय काढला असतास, की खाणवाल्याचा, की पहिल्या दिवशीच्या गोंधळाचा. मला तुझ्या बाजूनं वाद घालता येत नाही. इतकी वर्षं समोर बसलो तरी तुझी बाजू मला पाठ झाली नाही. ती तू दर वेळी नवीनच काढायचास.

अभिप्राय लिहिला. उरलेला रस्ता कमी तापमानाच्या पद्धतीनं करावा. अट अशी, की खडीचे ढीग झाकलेले असावेत आणि ओलावा रोज तपासून मगच प्लांट सुरू करावा. तू याला 'सरकारी शेपूट' म्हणाला असतास. असू दे. त्या शेपटाशिवाय मी सही केली नसती आणि त्या शेपटासकट तुझा रस्ता होणार आहे. वरचे साहेब फोनवर हो म्हणाले. ठेकेदारानं डबे परत पाठवलेले नाहीत.

परवाचं एक सांगायचं राहिलं.

गाभे काढले की भोकं बुजवावी लागतात. तुझ्या प्लांटवरून डब्यात माल आला आणि बुजवायला शेवंताबाई आली. तुझ्या टोळीतली, साखरखेर्ड्याची, पेव्हरपुढे झाडू मारणारी. ती तुझ्या मातीच्या दिवशी जीप करून बाकीच्या बायांसोबत आली होती आणि दाराबाहेर लिंबाखाली बसून राहिली होती. तेव्हा माझ्याशी बोलली नव्हती. परवा तिनं डबा खाली ठेवला, पदर खोचला आणि म्हणाली, "साहेब, नासिरभाऊनं तुमाले सांगतलं काय, माह्या सासूचं?"

मी म्हणालो, नाही.

"ते म्हनत, भोकं पाडाच्या दिवशी मी तुले साहेबापुढं उभी करतो, तवा सांगजो." तिनं डब्यावरची गोणी नीट केली. "या रस्त्याचं काम चालू होतं ना, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मी घरी गेली. सासू आंधळी हाये माही. तिनं माह्या लुगड्याले हात लावला, वास घेतला, अन् भांडाले लागली. म्हने, आज कामावर नाही गेली तू. दिवसभर कुठी होती? मी सांगून राह्यली, गेलती मी, गेलती. आयकेच ना. वास काऊन नाही येत म्हने. मंग नवऱ्याले हजेरी सांगा लागली तवा पटलं तिले. मी नासिरभाऊले सांगतलं त ते इतके हासले, इतके हासले, अन् मंग तिकडं तोंड करून डोये पुसले."

तर हे होतं ते रीडिंग.

मी शेवंताबाईसमोर उभा होतो आणि मला आमच्या खिडकीजवळची खुर्ची दिसत होती. तू दिवाणावर येऊन बसला होतास. तू मला ते रीडिंग माझ्याच घरात, माझ्या शेजारी बसून दाखवलं होतंस.

भोकात माल भरायची वेळ झाली. पुंजाजी आला होता. यंदा त्यानं वावरात कापूस लावलेला नाही, सोयाबीन होतं, तेही निघालं. त्याला तुझं कळलेलं होतं. डब्यावरची गोणी बाजूला केली तसा तो पुढं झाला, खाली वाकला आणि मालावर तळहात धरला. बराच वेळ. मशीनवाल्यानं कुजबुजत विचारलं, हे कोण? आता हा काम अडवतो की काय, असं मलाही क्षणभर वाटलं.

"धूर नाही," पुंजाजी म्हणाला. मग उठून बाजूला झाला. "माल ऊन हाये पन. टाका."

शेवंताबाईनं माल भरला. ठोकायला मी घेतलं. तू शेवटी बुटाच्या टाचेनं दाबून पाहायचास, तसं मी पाहिलं.

घरी आलो. माझे साइटचे कपडे सुमन वेगळ्या बादलीत टाकते, न विचारता, लग्नापासून. परवा मी शर्ट तिच्या हातात दिला आणि म्हणालो, वास घे. एका डब्याएवढ्या मालावरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं, तू हसू नकोस. तिनं माझ्याकडे पाहिलं. शर्ट नाकाशी नेला, तसाच थोडा वेळ धरून ठेवला, आणि घरातल्या बाकीच्या कपड्यांत टाकला.